तळघराची फरशी कोणाच्या पायाखाली

अन्नपूर्णा, इंदूर
६ ऑगस्ट २०२४

तुमच्या लेकीला लाकडाची फरशी पाहिजे. जमिनीखालच्या खोलीत. लाकडाची! हे आधी लिहून टाकते, नमस्कार खाली येईल, कागदाला जागा उरली तर.

शालिनीबाई, तुम्ही ग्वाल्हेरच्या शाळेत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरी शिकवल्या. घरच्या एका पोरीला एवढं नाही सांगितलं की लाकूड पाणी पितं? रुपाली माझी सून आहे, म्हणून मी तिला काही बोलत नाही. म्हणजे बोलते, पण ती ऐकत नाही, मग ते बोलण्यात धरायचं नाही. तुम्ही आई आहात. तुम्ही बोला. फोन मी करणार नाही. मला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि रुपाली लगेच स्पीकर लावते, मग जिची तक्रार तीच शेजारी बसून ऐकते. म्हणून कागद. मी चौथीपर्यंतच शिकले, चुका काढत बसू नका.

आमचं तलघर तुम्ही पाहिलेलं नाही. पाहणार कुठून? तुम्ही येता, बाहेरच्या व्हरांड्यात खुर्चीच्या टोकावर बसता, आपल्या थर्मासातलं पाणी पिता, लेकीचं तोंड बघता आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. लेकीच्या घरचं पाणी पीत नाही म्हणे. नात होईपर्यंत मी समजू शकते, आमच्यात पण जुन्या बाया पाळायच्या. पण रुची आता पाचवीत गेली आणि तुमचा थर्मास काही सुटला नाही. असो. तुमचा मामला.

तर तलघर. घर बांधताना ह्यांनी हौसेनं खणून घेतलं आणि मग त्यात काय ठेवायचं ते सुचलं नाही. शेवटी टेंटहाउसवाल्याला भाड्यानं दिलं. खुर्च्या, गाद्या, कनाती. होळीनंतर तो सामान उचलून गेला. जाताना म्हणतो, "माताजी, आपके तलघर ने मेरी सारी कनातें काली कर दीं." मी म्हटलं, धुवून ठेवायची असतात भिया. पण मनात म्हटलं, खोटं नाही बोलत. कारण उन्हाळ्यात मी पापडांचा डबा खाली ठेवला होता, घट्ट झाकणाचा. आषाढात उघडला तर पापड मोडेना. वाकला! चामड्याच्या पट्ट्यासारखा वाकला. तळायला टाकला तर तेलात नुसता पडून राहिला. सगळा डबा सादळला.

आणि तिथं हे दोघं, यशा आणि रुपाली, खोली करून घेताहेत. भिंतीला पुट्टी, छताला दिवे, वेगळं बाथरूम. कशाला, म्हणून यशाला विचारलं. म्हणतो, "गेस्ट रूम, आई." कोण गेस्ट? आमच्याकडे वीजबिलवाल्याशिवाय येतं कोण?

रविवारी मला कृष्णपुऱ्याच्या पुढे एका टाइलवाल्याच्या दुकानात नेलं, म्हणे तू पण पसंत कर. दुकानातला पोरगा चांगला होता बिचारा, पण बोलायचा फार. लाकडासारखी पट्टी दाखवून म्हणाला, "माताजी, ये पूरा वॉटरप्रूफ है." मी पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि ओतली त्याच्या पट्टीवर. रुपालीनं कपाळाला हात लावला. पोरगा हसला, फडक्यानं पुसून म्हणाला, "देखा? कुछ नहीं हुआ." मी म्हटलं, "ऊपर से पानी कौन डालने वाला है? मैं नीचे के पानी की बात कर रही हूँ." तो म्हणाला, "नीचे वाला नीचे ही रहेगा माताजी." मी म्हटलं, तेच तर म्हणते, तिथंच राहून सडणार.

मी म्हणते कोटा दगड टाका. हिरवा, साधा. पाणी आलं तर पुसा, सुकलं तर चाला. यशा म्हणतो, कोटा आउटडेटेड आहे. मी पण आहे. मग?

लेकीला समजवा.

नमस्कार. जागा उरली.

भानुमती

*

ग्वाल्हेर
१७ ऑगस्ट २०२४

आदरणीय भानुमतीबाई,

नमस्कार. पत्र पोचलं, त्यातल्या रागासकट पोचलं. कितीतरी वर्षांनी कुणाचं हातानं लिहिलेलं पत्र आलं, म्हणून मी ते दोनदा वाचलं. चुका काढल्या नाहीत.

रुपालीशी बोलले. लाकडाचा विचार तिनं सोडला आहे. त्या लाकडी पट्ट्या म्हणजे दाबलेला भुसा असतो, ओल लागली की कडा फुगतात, हे तिला पटलं. आता ती विनाइल म्हणते आहे. दिसायला लाकडासारखं, पण आत दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. ते फुगत नाही. मी इथल्या एका दुकानात जाऊन चौकशी केली. ते गृहस्थ म्हणाले, वर काय घालायचं ते नंतर, आधी जमीन ओल सोडते का ते बघा. प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून जमिनीवर चिकटवायचा आणि एकदोन दिवस तसाच ठेवायचा. उचलल्यावर खालच्या अंगाला थेंब दिसले तर ओल जमिनीतूनच येते आहे. मग आधी ओल अडवणारा थर द्यायचा, त्यावर फरशी.

कोट्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, टिकतो. पण थंडीत फार गार पडतो हो. जानेवारीत सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कळ थेट गुडघ्यात जाते. विनाइल तेवढं गार लागत नाही.

आणखी एक. तळघरात उतरायला जिना घरातून आहे, की गल्लीच्या बाजूनं वेगळं दार आहे? आणि वरच्या अंगाला एखादा झरोका असेल तर त्यातून सकाळचं ऊन येतं का? सहज विचारते.

रुचीला गोड पापा. तुमचे पापड गेले याचं वाईट वाटलं.

आपली,
शालिनी

*

अन्नपूर्णा, इंदूर
२८ ऑगस्ट २०२४

म्हणजे तुम्ही पण सामील!

मला वाटलं, विहीण आहे, शिकलेली आहे, दुरून सरळ बोलेल. पण तुम्हाला सगळं माहीत होतं, शालिनीबाई, आणि तुम्ही मला विनाइल शिकवत बसलात. लग्न झाल्यापासून आजतागायत तुम्ही माझ्या गुडघ्यांची एकदा तरी विचारपूस केली? आणि आता एकदम जानेवारीतली कळ! पलंगावरून पाय टेकवला की! कोणाचा पाय? कोणाचा पलंग? ऊन येतं का, दार कुठून आहे, सगळं कसं मायेनं विचारलंय. मला खाली टाकायचं चाललंय ते सरळ लिहा ना.

मला कसं कळलं ते ऐका. परवा हे दोघं ऑफिसात असताना मी खाली उतरले. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला भिंतीत स्टीलचा दांडा लावलाय, धरून उठायला. नळाखाली बसायचा स्टूल. दाराला उंबरा नाही, पाय अडकू नये म्हणून. खोलीतल्या भिंतीत बेलचं बटण, जे दाबलं की वर वाजतं. हे गेस्टसाठी? गेस्टला दांडा लागतो? गेस्ट बेल वाजवतो तर दारावरची वाजवतो.

संध्याकाळी यशाला धरलं.

"कोणासाठी आहे ती खोली?"

"आई, अजून काही ठरलं नाही."

"काय ठरलं नाही? मला खाली ढकलायचा मुहूर्त?"

"तुला कोण ढकलतंय? काही पण बोलते."

"मग दांडा कोणासाठी?"

तर हा मोबाइल बघायला लागला. ह्याचे बाबा अशा वेळी पेपर वर धरायचे, हा मोबाइल धरतो. रुपाली आत कुकर लावायला पळाली, सकाळी लावलेला असताना.

ऐका. माझ्या सासऱ्यांचे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. सरदारासमोर सुद्धा घोड्यावरून उतरायला का कू करायचे म्हणे. त्या घरातली मी, आणि मला कोणी तलघरात उतरवणार? हे गेल्यावर सुद्धा मी माझी खोली सोडली नाही. तिथं माझा देव आहे, माझी खिडकी आहे, खिडकीतून देवळाकडे जाणारी सगळी बाई-माणसं दिसतात, कोणाची सून कोणाशी बोलत नाही ते दिसतं. खाली काय दिसणार? पुट्टी?

तुमचा प्लास्टिकचा तुकडा मात्र मी चिकटवला. दुधाची पिशवी कापून, रुचीच्या टेपनं. उचलला तर खालून थेंबच थेंब, न्हाल्यासारखा. रुचीला दाखवला. ती म्हणाली, "आजी, फरशीला घाम आलाय." पोरीला अक्कल आहे. तुमच्यावर गेली नाही.

आता तलघराची चावी माझ्या कमरेला आहे. मिस्त्री आला होता, परत गेला. विनाइलच्या पेट्या रुपालीनं मागवून ठेवल्यात, त्या हॉलमध्ये पडल्यात, येता-जाता सगळ्यांना ठेचा लागतात. लागू देत.

लेकीला कळवा की सासू खाली जात नाही. आणि मला लिहायचं तर खरं लिहा.

भानुमती

*

द्वारा यामिनी, ग्वाल्हेर
७ सप्टेंबर २०२४

आदरणीय भानुमतीबाई,

ती खोली तुमच्यासाठी नाही. रुचीची शपथ घेऊन सांगते, आणि मी शपथा घेणारी बाई नाही. तुम्हाला तुमच्या खोलीतून हलवण्याचा विचार यशवर्धनरावांच्या मनात आलेला नाही, रुपालीच्याही नाही. तिला रागावू नका. ती तुम्हाला वाटते तेवढी बनेल नाही.

कोणासाठी ते मी आत्ता लिहू शकत नाही. योग्य वेळी तेच सांगतील. एवढीच विनंती की चावी देऊन टाका. तुम्ही सांगितलेले थेंब फार काळजीचे आहेत. आधी ओल अडवणारा थर द्यावा लागेल, तो वाळायला दिवस लागतात, त्यावर फरशी, आणि हे सगळं दिवाळीच्या आत झालं नाही तर अडचण होईल. म्हणजे त्यांची.

कोटा घालायचा असेल तर कोटा घाला. माझा काही आग्रह नाही. मी उगीच बोलले.

सध्या पत्र यामिनीच्या पत्त्यावर पाठवावं. ती माझी जुनी मैत्रीण. आमच्या घरी रंगकाम काढलं आहे, वासानं मला खोकला होतो, म्हणून थोडे दिवस इकडे आले आहे.

आज गणपती बसले. तुमच्याकडे महालक्ष्म्या येतील. रुपालीच्या हातून काही राहिलं तर सांभाळून घ्या.

आपली,
शालिनी

*

अन्नपूर्णा, इंदूर
१९ सप्टेंबर २०२४

भाद्रपदात कोणी घराला रंग देत नाही, शालिनीबाई.

भिंत सुकत नाही, रंग पकडत नाही, हे चौथी शिकलेल्या बाईला माहीत आहे. तुम्ही खोटं बोलायला बसलात तर निदान महिना बघून तरी बोला.

तुमचं पत्र महालक्ष्म्या जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. घरात हळदीकुंकवाची ताटं, शेवंतीचा कचरा, मी दमलेली, आणि दारात टेम्पो उभा. रुपाली ऑफिसात. टेम्पोवाला पर्ची बघत म्हणतो, "माताजी, बेसमेंट किधर से है? ग्वालियर का माल है." मी म्हटलं, आधी दाखव काय माल आहे. ताडपत्री काढली. एक लोखंडी पलंग. एक कपाट. आणि शिलाई मशीन, पायाची. मशीनवर कापडाची खोळ, खोळीवर भरतकामाचा पोपट, पोपटाचा एक डोळा उसवलेला.

तो पोपट मी ओळखते. यशाचं जमवायला आम्ही तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुमच्या पुढच्या खोलीत होता. तुम्ही यशाच्या बाबांशी बोलत होतात आणि मी त्या पोपटाकडे बघत होते, कारण मुलीकडे बघितलं तर ती लाजायची. डोळा तेव्हा पण उसवलेला होता. मनात म्हटलं होतं, घरात मशीन आणि पोपट आंधळा.

सामान व्हरांड्यात उतरवून घेतलं. चावी नाही दिली. रुपाली संध्याकाळी आली, पोपट बघितला आणि चप्पल न काढता तशीच उभी राहिली.

"काय गं, तुझी आई शिवणाचं दुकान काढते का आमच्याकडे?"

"नाही, आई."

"मग मशीन मला भेट आली?"

रडायला लागली. मला रडणं चालत नाही. म्हटलं, तोंड धू, चहा टाक, मग बोल. चहा टाकून बोलली. सगळं बोलली.

तर तुमच्या दिरांच्या पोरांनी घर बिल्डरला दिलं. तुम्ही सही केलीत आणि लेकीला नंतर कळवलंत. घर पाडायला घेतलं तेव्हापासून तुम्ही यामिनीकडे आहात, आणि यामिनीच्या घरात तिची सून बाळंत होणार आहे. रुपाली म्हणाली, आई इकडे ये. तुम्ही म्हणालात, लेकीच्या घरात राहत नाहीत. ती म्हणाली, मग कुठं राहशील? मग माझ्या हुशार चिरंजीवाला सुचलं की तलघराला गल्लीतून दार आहे. म्हणजे आमचा उंबरा ओलांडायला नको, आमच्या चुलीवरचं खायला नको, लेकीच्या घरात राहायला नको. लेकीच्या घराखाली राहायचं! आणि तुम्ही हो म्हणालात!

शालिनीबाई, तुमच्या शाळेत हेच शिकवायचे का? घरात नाही, घराखाली! म्हणजे सकाळी मी वर आंघोळ करणार, माझं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पाइपातून खडखड करत जाणार, आम्ही वर टीव्ही बघणार, रुची दोरीवरच्या उड्या मारणार, आणि खाली विहीणबाई पापडासारख्या सादळत बसणार. थर्मास जवळ घेऊन. बाहेरच्या कोणी विचारलं तर आम्ही म्हणायचं, इथं कोणी राहत नाही, खाली राहतात.

आणि तुम्ही तिघांनी मिळून मला काय ठरवलंत? म्हातारीला सांगायचं नाही, ती कटकट करेल. अरे, करेन! कटकट करेन, दोन दिवस तोंड फुगवेन, भांडी आपटेन. पण माझ्या घरात कोण राहायला येतंय ते मला टेम्पोवाल्यानं सांगायचं? महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तांदळाची पावलं मी दारापासून काढते, माहीत आहे ना? त्या देवी आहेत तरी दारानंच येतात. गल्लीतून नाही येत.

मशीन व्हरांड्यात आहे. पोपटावर चिमण्या बसतात. खरं काय ते आता तुमच्या हातानं लिहा. लेकीच्या तोंडून ऐकलेलं मी धरत नाही.

भानुमती

*

द्वारा यामिनी, ग्वाल्हेर
२९ सप्टेंबर २०२४

भानुमतीबाई,

रुपालीनं सांगितलं ते सगळं खरं आहे. रंगकामाचं खोटं होतं.

घर माझ्या एकटीचं कधीच नव्हतं. दिरांची मुलं चांगली आहेत, पण त्यांना नवा फ्लॅट हवा होता आणि मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. माझ्या वाट्याला काय येईल, कधी येईल, ते बिल्डर जाणे. तोवर कुठं राहायचं हा प्रश्न मी सही करताना विचारला नाही. विचारला असता तर सही करता आली नसती.

माझी आई म्हणायची, लेकीकडे राहिलेल्या बाईला जावई कितीही भला असला तरी पाणी मागताना मान खाली घालावी लागते. आईनं शेवटची वर्षं माझ्याकडे यावं म्हणून मी पुष्कळ सांगितलं. आली नाही. एकटी राहिली, एकटीच गेली. आता मी तुमच्याकडे पाय पसरून राहिले तर आईला काय तोंड दाखवू? हे तुम्हाला खुळेपणाचं वाटेल. मला ते सोडवत नाही. थर्मास त्यातलाच.

तळघर मला त्यामुळेच बरं वाटलं. वेगळं दार, वेगळी चूल. रुची खाली येऊन बसली असती. मी तिचं शुद्धलेखन घेतलं असतं, तिच्या बाहुलीला झबली शिवली असती. ओल असेल याची कल्पना नव्हती. तुमचं पापडाचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं असं लिहिलं होतं. चारदा वाचलं होतं. म्हणून दुकानात गेले.

तुम्हाला सांगितलं नाही कारण मला तुमची भीती वाटते. लग्न जमवताना तुम्ही माझ्या पोपटाकडे अशा काही बघत होतात की मी अजून त्याचा डोळा शिवलेला नाही. शिवायला घेतला की तुम्ही आठवता.

आता निर्णय तुमचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर मला राग येणार नाही. उज्जैनला बायकांचं एक निवासस्थान आहे, चौकशी केली आहे, दिवाळीनंतर जागा देतील. तसं असेल तर मशीन तेवढं तिकडे पाठवायला यशवर्धनरावांना सांगा. आणि तुम्ही हो म्हणालात तर कोटा घाला, सिमेंट ठेवा, काहीही घाला. मी लोकरीचे मोजे विणले आहेत.

शालिनी

*

अन्नपूर्णा, इंदूर
८ ऑक्टोबर २०२४

मोजे!

गुडघ्यांत कळ येते म्हणून एका दुकानात जाऊन विनाइल विचारून येणारी बाई मला लिहिते की सिमेंट ठेवा, मोजे विणलेत. मला इतका राग आला की मी चष्मा काढून ठेवला, आणि चष्म्याशिवाय मला तुमचं पत्र वाचता येत नाही, म्हणून परत लावला, आणि परत राग आला.

उज्जैनचं नाव काढायचं नाही. तिथं महाकालाला जायचं, दर्शन घ्यायचं आणि यायचं. राहायला जायचं नाही.

आता नीट वाचा, तुम्ही शिकलेल्या बाई आहात तर तुम्हाला समजेल. तुमची आई काय म्हणाली? लेकीच्या घरात राहायचं नाही. मान्य. आईचं ऐकायचं. पण हे घर लेकीचं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? रुपालीनं? तिला दाखवायला सांगा कुठं लिहिलंय. हे घर ह्यांनी बांधलं आणि माझ्या नावावर केलं. नगर निगमची पट्टी माझ्या नावानं येते, पाण्याचं कनेक्शन माझ्या नावानं, गेटवरच्या पाटीवर पहिलं नाव माझं. यशा आणि रुपाली माझ्याकडे राहतात. मी ठेवून घेतलंय. उद्या जास्त बोलले तर बघेन.

मग तुम्ही लेकीकडे येतच नाही आहात. तुम्ही माझ्याकडे येताय. विहिणीच्या घरी राहू नये असं तुमची आई कधी म्हणाली होती का? आठवून बघा. नाही ना म्हणाली? मग संपलं. पाणी मला मागायचं, आणि माझ्यासमोर मान खाली घालायची गरज नाही, मी तुमच्यापेक्षा बुटकी आहे, मान खाली घातल्याशिवाय मी दिसतच नाही.

आता फरशीचं ऐका, कारण सगळी गडबड तिच्यापासून सुरू झाली.

तलघरात कोटा बसवणं चाललंय. चावी मी दिली. मिस्त्री म्हणाला, खाली ओल अडवायचा थर देतो, वर कोटा घालतो, पण माताजी, लिहून नाही देणार की पाणी कधीच येणार नाही. मी म्हटलं, मला पण नको लिहून. आलं तर दिसेल, दिसलं तर पुसू. वर चकचकीत आणि खाली सडतंय, असं माझ्या घरात या पावसाळ्यात पुष्कळ झालं. तुम्हा तिघांच्या कृपेनं.

तलघरात तुम्ही राहणार नाही. तिथं यशाचं ट्रेडमिल जाईल. ते माझ्या शेजारच्या खोलीत उभं आहे, त्यावर आजपर्यंत फक्त टॉवेल चालले. यशा म्हणाला, "आई, ती माझी ऑफिसची खोली आहे." मी म्हटलं, "ऑफिस घरात नाही, घराखाली ठेव, तुलाच सुचलं होतं ना?" मोबाइल पण नाही काढला.

ती शेजारची खोली तुमची. पूर्वेला खिडकी आहे, ऊन येतं, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. जमिनीवर ते गुळगुळीत पांढरे टाइल होते, ज्यांच्यावरून मी गेल्या दिवाळीत पणत्यांच्या ताटासकट घसरले होते. त्यावर तुमचं विनाइल घालून घेतलं. दुकानवाला पेट्या परत घेत नव्हता, मी म्हटलं नको घेऊ. मी त्यावर अनवाणी चालून बघितलं. गार नाही लागत. आवाज जरा पोकळ येतो, म्हणजे रात्री तुम्ही उठलात तर मला कळेल, म्हणून चोरून काही करायचं नाही. बाथरूमचा दांडा खालून उपटून वर लावलाय. मला पण कामाला येतो, हे कोणाला सांगायचं नाही.

माझ्या अटी आहेत. माझ्या पत्रातल्या चुका रुचीला दाखवायच्या नाहीत. माझ्या खिडकीत बसायचं नाही, तुमची वेगळी आहे. सकाळच्या चहाआधी माझ्याशी बोलायचं नाही. रुपालीची बाजू घ्यायची तर माझ्या तोंडावर घ्यायची, दार लावून नाही. भांडण झालं तर भांडायचं, उज्जैन-बिज्जैन काढायचं नाही. आणि पोपटाचा डोळा आल्या आल्या शिवायचा. मी बघणार नाही तुमच्याकडे, दुसरीकडे बघेन. पलंग, कपाट, मशीन सगळं वर गेलंय. चिमण्या अजून व्हरांड्यात येऊन शोधतात.

या पत्राचं उत्तर रुपालीनं फोनवर द्यायचं नाही. यशानं तर तोंडच उघडायचं नाही. यामिनीच्या पत्त्यावरून पोस्टानं आलं तर मी पाकीट फोडणार नाही, तसंच परत पाठवीन. उत्तर तुम्हीच द्यायचं, दसरा झाला की गाडीत बसून, समोरच्या गेटनं, उंबऱ्यावर उजवा पाय टाकून आणि माझ्या माठातलं पाणी उभ्यानं पिऊन. थर्मास यामिनीकडे ठेवून या, तिच्या सुनेला बाळंतपणात कामाला येईल.

भानुमती
घरमालकीण